पाहुण्याचा चेहरा आपण साठवावा का?

ताडोबाच्या कोलारा आणि मोहर्ली भागात लॉज, होमस्टे किंवा रिसॉर्ट चालवणाऱ्यांकडे अलीकडे चेहरा ओळखणारी यंत्रणा विकणारे प्रतिनिधी येऊ लागले आहेत. पाहुणा दारात आला की कॅमेऱ्याने त्याचा चेहरा टिपायचा, तो आरक्षणाशी जुळवायचा, खोलीचे कुलूप त्याच चेहऱ्याने उघडायचे आणि कामावरच्या माणसांची हजेरीही त्याच यंत्रावर घ्यायची, असा त्यांचा प्रस्ताव असतो. चिमूर तालुक्यात मी लहानसे लॉज चालवतो, त्यामुळे तो माझ्यापर्यंतही आला, आणि आमच्या भागातल्या काही व्यवसायबंधूंनी माझे मत विचारले. तोंडी दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. पाहुण्याचा चेहरा त्याच्या ओळखपत्राशी त्या क्षणी ताडून पाहणे योग्य आहे आणि आवश्यकही आहे. परंतु तो चेहरा आपल्या किंवा विक्रेत्याच्या संगणकात साठवून ठेवणे आपल्यासारख्यांनी टाळले पाहिजे.

या दोन कृतींतला फरक कळण्यासाठी यंत्र नेमके काय करते हे पाहावे लागते. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातून चेहऱ्याचा भाग वेगळा काढला जातो, तो सरळ करून घेतला जातो आणि लाखो छायाचित्रांवर शिकवलेली संगणक प्रणाली त्याचे काही शे आकड्यांच्या एका मालिकेत रूपांतर करते. या मालिकेला आपण साचा म्हणू. दोन चेहरे एकाच व्यक्तीचे आहेत का, हे ठरवताना दोन साच्यांमधले साम्य मोजले जाते. त्यातून निघणारे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नसते, तर साम्याचे गुण असतात, आणि किती गुणांच्या वर ‘तीच व्यक्ती’ मानायचे ही मर्यादा माणसाने ठरवलेली असते. मर्यादा सैल ठेवली तर परका माणूस आत जाऊ शकतो. कडक ठेवली तर खरा पाहुणा दाराबाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणे शक्य नसते. म्हणून प्रतिनिधी जेव्हा एकच टक्केवारी सांगून यंत्र अचूक असल्याचे म्हणतो, तेव्हा ती टक्केवारी कोणत्या चुकीची आहे, कोणत्या मर्यादेवर आणि कोणत्या प्रकाशात मोजली आहे, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

जुळणीचेही दोन प्रकार आहेत आणि सगळा प्रश्न त्यांच्याभोवती फिरतो. पहिल्या प्रकारात समोर उभा असलेला माणूस आणि त्याने दिलेल्या ओळखपत्रावरचे छायाचित्र एवढ्या दोघांचीच तुलना होते. त्यासाठी काहीही साठवावे लागत नाही आणि काम झाल्यावर दोन्ही साचे पुसून टाकता येतात. दुसऱ्या प्रकारात समोरच्या चेहऱ्याची तुलना साठवलेल्या सर्व चेहऱ्यांशी केली जाते. चेहऱ्याने उघडणारे कुलूप, ‘पुन्हा आल्याबद्दल आभार’ म्हणणारा पडदा, आवारात कोण कुठे गेले हे सांगणारा कॅमेरा या सगळ्यांना दुसरा प्रकार लागतो. या प्रकारात यादी जितकी लांब होते, तितकी चुकीच्या माणसाशी जुळणी होण्याची शक्यता वाढत जाते. विक्रीच्या बोलण्यात हे दोन प्रकार सरसकट एकत्र केले जातात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ओळख पटवायची असेल तर साठवणे ओघाने आलेच. तसे मुळीच नाही.

हॉटेल व्यवसायात हे तंत्रज्ञान आता नवे राहिलेले नाही. जपानमध्ये नागासाकी प्रांतात २०१५ साली सुरू झालेल्या हेन्-ना हॉटेलात यंत्रमानवांबरोबरच चेहऱ्याने उघडणाऱ्या खोल्या होत्या. पुढे २०१९ मध्ये त्या हॉटेलाने आपल्या २४३ यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले, कारण ते काम कमी करण्याऐवजी वाढवत होते. चीनमध्ये २०१८ साली मॅरियट या हॉटेल समूहाने अलीबाबाच्या प्रवासकंपनीबरोबर हांगझोऊ आणि सान्या येथील दोन हॉटेलांत चेहऱ्याने चेक-इन करण्याचा प्रयोग केला, आणि किमान तीन मिनिटांचे काम एका मिनिटाच्या आत होते असे सांगितले. मात्र पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. त्याच चीनमध्ये २०२४ साली शांघायच्या हॉटेलांना सांगण्यात आले की वैध ओळखपत्र दाखवणाऱ्या पाहुण्यावर चेहरा स्कॅन करण्याची सक्ती करू नका, आणि १ जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमांनुसार दुसरा मार्ग उपलब्ध असताना केवळ चेहरा हाच ओळख पटवण्याचा एकमेव मार्ग ठेवता येत नाही. ज्या देशाने हे तंत्रज्ञान सर्वांत वेगाने वापरले त्यालाच सक्तीवर मर्यादा घालावी लागली, ही बाब आपण दुर्लक्षित करू नये.

आता आपल्या काउंटरकडे येतो. आपल्याकडे पाहुणे बहुधा नागपूरहून संध्याकाळी उशिरा पोहोचतात, कुटुंबात चारपाच माणसे असतात, आणि पहाटेच्या सफारीसाठी त्यांना लवकर झोपायचे असते. चेक-इनला उशीर होतो तो चेहरा ओळखण्यामुळे नाही. एकाचे ओळखपत्र बॅगेच्या तळाशी असते, दुसऱ्याचे घरी राहिलेले असते, सफारीच्या परवान्यावर दिलेले कार्ड आणि आपल्याला दिलेले कार्ड वेगळे निघते, झेरॉक्स मशीन गरम व्हायला वेळ घेते किंवा लाईट गेलेली असते. सफारीच्या गेटवर आरक्षणातले मूळ ओळखपत्र दाखवावेच लागते, त्यामुळे आपण आदल्या रात्री ते नीट पाहून घेतले तर पाहुण्याचाच सकाळचा त्रास वाचतो. ही सगळी कामे माणसाने लक्ष देऊन करण्याची आहेत, आणि यंत्राने चेहरा अर्ध्या सेकंदात ओळखला म्हणून यांतले एकही कमी होत नाही.

चेहऱ्याच्या कुलपाबद्दल माझा आक्षेप अधिक ठाम आहे. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या ऐन हंगामात, वीज जाते. वादळवाऱ्याच्या रात्री तर ती तासन्‌तास येत नाही. जंगलाला लागून असलेल्या आवारात रात्री बिबट येणे आपल्या भागात नवलाचे नाही. अशा ठिकाणी लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याचे दार यंत्राच्या मर्जीवर उघडणार असेल, तर ती सोय नव्हे, ती जोखीम आहे. सफारीहून परत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर धुळीचा थर असतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला असतो, डिसेंबरात कानटोपी असते. वातानुकूलित दालनातल्या प्रात्यक्षिकात यांपैकी काहीच नसते. कोणी असे कुलूप बसवणारच असेल, तर साध्या किल्लीनेही उघडणारे कुलूपच घ्यावे आणि ती किल्ली पाहुण्याच्या हाती द्यावी.

आपण ज्या भागात राहतो तेथे ओळखण्याच्या तंत्राचे एक उत्तम उदाहरण रोज आपल्या डोळ्यांसमोर आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात, आणि जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतून ते संगणकाने जुळवून व्याघ्रगणना केली जाते. त्या कामात संगणक शक्यता पुढे ठेवतो आणि जाणकार माणूस छायाचित्रे शेजारी ठेवून निर्णय करतो. त्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु तेच कॅमेरे माणसांचीही छायाचित्रे टिपतात, आणि तेथे काय होऊ शकते हे कॉर्बेट परिसरात दिसले आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले आहे की वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात जंगलात गेलेल्या एका स्त्रीचे अत्यंत खासगी क्षणाचे छायाचित्र आले, ते गावातल्या समाजमाध्यमांवर फिरवले गेले, आणि सरपण व इतर वनोपजासाठी जाणाऱ्या स्त्रिया कॅमेऱ्याच्या भीतीने एकमेकींशी मोकळेपणी बोलेनाशा, गाईनाशा झाल्या. आपल्याकडेही मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला स्त्रियाच मोठ्या संख्येने जातात, आणि त्यांपैकी कित्येक जणी आपल्या लॉजमध्ये स्वयंपाकाचे आणि सफाईचे काम करतात. ज्या हेतूसाठी कॅमेरा लावला त्या हेतूपुरतेच चित्र राहत नाही, हे आपल्याला परक्या देशातून शिकण्याची गरज नाही.

या स्त्रियांमुळेच मला प्रस्तावातला हजेरीचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमक्या त्याच भागाची चर्चा आपल्या बैठकांत कोणी करत नाही. पाहुणा दोन रात्री राहून जातो. त्याला नको असेल तर तो दुसऱ्या लॉजमध्ये जाऊ शकतो. कामावरची बाई वर्षानुवर्षे त्या कॅमेऱ्यासमोर उभी राहणार आहे आणि तिची मजुरी त्या यंत्राच्या उत्तरावर ठरणार आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर कापूस वेचून आणि भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून परत आलेली माणसे आपण पाहिली आहेत. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चेहरा जुळल्याशिवाय घरपोच आहार देऊ नये असा नियम २०२५ मध्ये आला, तेव्हा नेटवर्क नाही, आईचा चेहरा जुळत नाही, मोबाईल जुना आहे, अशा तक्रारी सेविकांनी ठिकठिकाणी मांडल्या. त्याच गावांतल्या स्त्रियांसमोर आपण आणखी एक यंत्र उभे करणार आहोत, याचे भान आपल्याला असले पाहिजे.

यंत्राची चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही आता मोजून सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ प्रणालींची तपासणी प्रसिद्ध केली. तीत असे आढळले की दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत अनेक प्रणालींत १० ते १०० पट अधिक होते, आणि स्त्रियांबाबत पुरुषांपेक्षा अधिक होते. त्याच अहवालात आणखी एक उपयुक्त निरीक्षण आहे: आशियात तयार झालेल्या काही प्रणालींत आशियाई चेहऱ्यांबाबतचा हा मोठा फरक दिसला नाही. म्हणजे प्रणाली कोणत्या चेहऱ्यांवर शिकवली गेली यावर बरेच अवलंबून असते. आपल्याकडे विकली जाणारी प्रणाली गोंड, माना या आदिवासी समाजांतल्या किंवा आपल्या कोणत्याही गावातल्या, उन्हात काम करून रापलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर कधी तपासली आहे का, हा प्रश्न मी प्रतिनिधीला विचारला. “भाऊ, सगळ्यांवर चालते,” एवढेच उत्तर मिळाले. कोणाच्या मजुरीचा निर्णय एवढ्या उत्तरावर सोपवणे मला मान्य नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू, कारण ती समजून न घेता यंत्र बसवणे धोक्याचे आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असावी लागते, ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी लागते, सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची सोय असावी लागते, आणि हेतू संपल्यावर माहिती पुसावी लागते. सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लहान लॉजला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण चूक विक्रेत्याच्या सर्व्हरवर झाली तरी पाहुण्यापुढे आणि कायद्यापुढे उत्तरदायी आपणच राहतो.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टींकडे माझे विशेष लक्ष गेले. पहिली मुलांची. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांचा माग काढण्यास मनाई आहे. ताडोबाला येणारी बहुसंख्य मंडळी मुलाबाळांसह येतात. आवारातला चेहरा ओळखणारा कॅमेरा मुलांना वगळून फक्त मोठ्यांना कसा टिपणार, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. दुसरी गोष्ट कामगारांची. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी काही माहिती संमतीशिवायही वापरण्याची मुभा हा कायदा मालकाला देतो. याचा अर्थ असा की आपल्याकडे काम करणाऱ्या बाईचे संरक्षण पाहुण्यापेक्षा दुबळे आहे, आणि जिथे कायदा आपल्याला मोकळीक देतो तिथे संयम आपणच पाळायला हवा.

साठवलेली माहिती सुरक्षित राहील, असे प्रत्येक विक्रेता सांगतो. मॅरियटसारख्या जगातल्या सर्वांत मोठ्या हॉटेल समूहाने २०१८ मध्ये जाहीर केले की त्यांच्या ताब्यात आलेल्या स्टारवुड साखळीच्या आरक्षण प्रणालीतून कोट्यवधी पाहुण्यांची माहिती बाहेर गेली. त्यात सुमारे ५० लाख पारपत्र क्रमांक असे होते की त्यांना कोणतेही सांकेतिक आवरण नव्हते. २०१९ मध्ये बायोस्टार २ या दारे उघडणाऱ्या प्रणालीचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला आणि त्यात बोटांच्या ठशांबरोबर चेहऱ्यांची माहितीही होती. पारपत्र नवे काढता येते, पासवर्ड बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही, आणि एका ठिकाणाहून गेलेला साचा त्या व्यक्तीला जन्मभर नडू शकतो. जे मोठ्या समूहांना सांभाळता आले नाही ते एका संगणकावर आणि एका वायफायवर चालणाऱ्या आपल्या लॉजला सांभाळता येईल, असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.

येथे एक मान्य केले पाहिजे की सध्याची आपली पद्धतही निर्दोष नाही. कित्येक लॉजच्या काउंटरखाली आधारकार्डांच्या झेरॉक्सचे गठ्ठे वर्षानुवर्षे पडून असतात, काही वेळा रद्दीतही जातात. याबाबत मला तीव्र खंत वाटते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने हॉटेलांना अशा प्रती घेण्याचा अधिकार नाही असा इशारा दिला होता. दोन दिवसांत तो मागे घेण्यात आला, पण त्यातली चिंता खरी होती. पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसणारे आधार पाहुण्याला देता येते. आधारवरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या अ‍ॅपने वाचला की नाव आणि छायाचित्र पडद्यावर दिसते, आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी असल्याने छापील कार्डात केलेला फेरफार लगेच कळतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जे नवे आधार अ‍ॅप पुढे आणले, त्याचाही उद्देश हॉटेलात प्रती द्याव्या लागू नयेत हाच सांगितला गेला. त्या पद्धतीत पाहुणा आपल्याच फोनवर चेहऱ्याने स्वतःची ओळख पटवतो आणि हवी तेवढीच माहिती आपल्याला देतो. चेहरा ओळखण्याच्या तंत्राचा हा उपयोग मला योग्य वाटतो, कारण त्यात आपल्या हाती काहीच उरत नाही.

आमच्याकडे सध्या अशी व्यवस्था आहे. काउंटरवरचा मुलगा क्यूआर कोड वाचतो, पडद्यावरचे छायाचित्र आणि समोरचा माणूस डोळ्यांनी ताडून पाहतो, रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, येण्याजाण्याची वेळ आणि ओळखपत्राचे शेवटचे चार अंक लिहितो आणि कार्ड परत देतो. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत छायाचित्रासह सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते, ती भरतो. ते छायाचित्र नंतर आमच्या संगणकावर ठेवत नाही. नेटवर्क नसले तरी क्यूआर कोडचे वाचन होते, हे आमच्या भागात फार मोलाचे आहे. कामावरच्या माणसांची हजेरी सहीने आणि जिला सही येत नाही तिच्या खुणेने घेतली जाते, आणि मोहाच्या दिवसांत सकाळी उशिरा येणाऱ्या बायांची वेळ त्यांच्याशी बोलून ठरते.

प्रतिनिधीला मी लेखी विचारले आहे की चेहऱ्याचा साचा यंत्राबाहेर जातो का, गेल्यास तो सर्व्हर कोणत्या देशात आहे आणि कोणाच्या मालकीचा आहे, पाहुणा गेल्यावर तो किती तासांत पुसला जातो व पुसल्याचा पुरावा काय मिळतो, आणि करार संपल्यावर जुन्या साच्यांचे काय होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘क्लाउडवर सुरक्षित आहे’ असे आले, बाकीच्यांचे अद्याप आलेले नाही. फक्त ओळखपत्राशी जुळणी करून त्याच क्षणी सर्व पुसणारे, यादी न ठेवणारे आणि तसे करारात लिहून देणारे यंत्र मिळाले, तर मध्यरात्री येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते वापरून पाहायला माझी तयारी आहे. ज्या व्यवसायबंधूंना हेच प्रश्न आपल्या विक्रेत्याला पाठवायचे असतील, त्यांना मी माझ्या पत्राची प्रत देईन.